खिळे घासणाऱ्या मुलाचे हात

निर्णयसागर हे नाव अनेक मराठी घरांत ओळखीचे आहे. पंचांगावर ते असते, जुन्या संस्कृत ग्रंथांच्या पहिल्या पानावर असते. हा छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी मात्र आता थोड्याच जाणकारांना आठवतात. आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढण्याचे कारण त्यांच्या पहिल्या नोकरीत आहे. घरची गरिबी होती. नऊ-दहा वर्षांचे असतानाच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपयांवर कामाला लागले. काम होते छपाईचे खिळे घासण्याचे, आणि खिळे शिशाचे असत.

आजच्या पिढीने खिळा पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. एका टोकाला उलटे अक्षर असलेली बोटाच्या पेराएवढी धातूची कांडी म्हणजे खिळा. आधी कारागीर पोलादाच्या तुकड्यावर अक्षर कोरी, त्याला पंच म्हणत. तो पंच तांब्यावर ठोकून साचा होई. मग शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस पळीने साच्यात ओतला जाई. त्यात शिशाचा वाटा सर्वांत मोठा, निम्म्याहून बराच अधिक. शिसे लवकर वितळते, अँटिमनीने त्याला कणखरपणा येतो आणि कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो. थंड झालेल्या खिळ्याला शेपटीसारखा जास्तीचा भाग राही, कडांना कंगोरे राहत. शेपटी मोडायची आणि कडा दगडावर घासून सपाट करायच्या. हे काम हलके आणि कमी मजुरीचे समजले जाई, त्यामुळे जगभरच्या ओतशाळांत ते मुलांकडे असे. घासताना पडणारी भुकटी बोटांना, नखांत, कपड्यांना चिकटे.

आता योगायोग पाहा. जावजींचा जन्म १८३९ चा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये तांकरेल द प्लांश या फ्रेंच डॉक्टरांनी शिशाच्या विकारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिशाने आजारी पडलेल्या हजारावर कामगारांच्या नोंदी त्यात होत्या. पोटात मुरडा, हट्टी बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर फिकेपणा, मनगट लुळे पडणे, झटके येणे, असे सगळे त्यांनी लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, लंडनच्या हेन्री बर्टन यांनी शिशाची बाधा झालेल्यांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते हे दाखवले. आमच्या पाठ्यपुस्तकात ती रेघ अजून त्यांच्याच नावाने आहे. म्हणजे जावजी कामावर जाऊ लागले तेव्हा हे ज्ञान छापून तयार होते. ते छापताना वापरलेले खिळेही शिशाचेच होते. मुंबईतल्या खिळे घासणाऱ्या मुलापर्यंत मात्र ते पोचले नव्हते.

जावजींना शिसे बाधले असे सुचवण्याचा या लेखाचा हेतू नाही. तसे म्हणायला आधार नाही. त्यांचे आयुष्य तर उलट अंगातल्या उमेदीची साक्ष देते. मिशनच्या छापखान्याची ओतशाळा टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली होती आणि देवनागरी अक्षरे सुबक व लहान करण्याचे प्रयोग तिथे चालले होते. देवनागरी ओतणे सोपे नाही. मूळ अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार असे सगळे वेगवेगळे ओतावे लागते. इंग्रजीच्या मानाने खिळ्यांचे प्रकार कितीतरी अधिक. घासता घासता तो मुलगा हा सगळा उद्योग शिकला. पुढे मुंबईतल्या आणखी काही छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या आणि १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे पंच कोरण्यात निष्णात असलेले त्यांचे मित्र बरोबर होते. कोरणारा हात राणोजींचा आणि धंद्याची नजर जावजींची, अशी ही जोडी जमली. दुसऱ्या छापखान्यांना खिळे पुरवता पुरवता १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला.

त्यानंतरच्या दोन दशकांत या छापखान्याने जे केले ते एखाद्या विद्यापीठाला शोभावे असे आहे. पंचांग निघाले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादनाखाली मुलांसाठी बालबोध मासिक सुरू झाले. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाने काव्यमाला निघू लागली आणि हस्तलिखितांत पडून असलेले संस्कृत वाङ्मय स्वच्छ, शुद्ध छपाईत वाचकांच्या हाती आले. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. काम पुढे त्यांच्या मुलाने, तुकाराम जावजींनी, चालवले. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चरकसंहिता १९४१ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडली. आयुर्वेदाचे विद्यार्थी आजही त्या प्रतीचा आधार घेतात. म्हणजे आपला वैद्यकाचा वारसासुद्धा शिशाच्या अक्षरांनी जपला. या धातूचे आपल्यावर उपकार आहेत, हे आधी मान्य करायला हवे.

पण त्या अक्षरांना हात लावणाऱ्यांचे काय? खिळे जुळवणारा कामगार समोरच्या खणांच्या केसमधून एकेक खिळा बोटांनी उचलून ओळ लावी. छपाई झाली की तोच खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकी. दिवसाला हजारो वेळा शिसे बोटांना लागे. मध्येच विडी, पान, चहा, डबा. केसच्या तळाशी साचलेली धूळ फुंकून किंवा झटकून काढत आणि ती नाकातोंडात जाई. त्या काळात छपाईच्या पावित्र्यावर वाद झाले, पण ते शाईवरून. शाईत जनावराची चरबी असेल तर धर्मग्रंथ कसे वाचायचे, हा लोकांचा प्रश्न होता. त्यावर गणपत कृष्णाजी यांनी आपल्या छापखान्यात तुपाची शाई वापरल्याची गोष्ट सांगितली जाते. वाचणाऱ्याचे सोवळे सांभाळायला तूप आणले गेले. खिळे जुळवणाऱ्याच्या हातांविषयी असा वाद झाला नाही.

तो प्रश्न विचारणाऱ्या एक डॉक्टर अमेरिकेत निघाल्या. त्यांचे नाव ॲलिस हॅमिल्टन. १९१० मध्ये इलिनॉय राज्यासाठी त्यांनी शिशाच्या धंद्यांची पाहणी केली. त्या कारखान्यांत जात, कामगारांच्या वस्तीत जात, घरी जाऊन बायकांशी बोलत, दवाखान्यांची दप्तरे चाळत. १९१७ मध्ये अमेरिकी सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाने प्रसिद्ध केलेला छापखान्यांतील आरोग्यावरचा अहवाल लिहिण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. दोन वर्षांनी त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. आजार शोधायचा तर रुग्णाचे काम पाहिले पाहिजे, ही त्यांची रीत. इटलीच्या रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये डॉक्टरांना हाच सल्ला दिला होता की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. जावजींच्या जन्माच्या आधी जवळजवळ एकशे चाळीस वर्षे हे सांगून झाले होते. आजही गर्दीच्या ओपीडीत हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो.

शिसे अंगात जाते कसे, ते नीट समजून घेऊ. हाताच्या कातडीतून ते फारसे शिरत नाही. ते तोंडावाटे आणि श्वासावाटे जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो. लहान मुलाच्या पोटातून निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. पोट रिकामे असेल, शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. म्हणजे अर्धपोटी कामावर जाणारे गरीब मूल हे शिशाचे सर्वांत सोपे सावज. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, पण ते सगळे बाहेर जात नाही. बराचसा भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वीस-पंचवीस वर्षेसुद्धा राहतो. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटते, त्याच्याबरोबर शिसेही सुटते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांत फरक पडतो आणि तो पुरता भरून येत नाही. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी रेषा आखता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

छापखान्यातले शिसे कोणी बंदी घालून काढले नाही. ऑफसेट आणि फोटो टाइपसेटिंग आले, नंतर संगणक आला आणि खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या. पेट्रोलमधले शिसे मात्र कायद्याने गेले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आता अक्षरे पडद्यावर उमटतात. त्या पडद्यामागे, मोबाइलच्या आणि टीव्हीच्या हिरव्या पट्टीवर, खिळ्याचा सख्खा भाऊ बसलेला होता. तो म्हणजे सोल्डर, तारांचे आणि सुट्या भागांचे सांधे जोडणारा डाख. शिसे आणि कथील यांचे हे मिश्रण. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असले की ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. कारागिराला याहून सोयीचा धातू मिळणे कठीण.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून घरगुती व कार्यालयीन विद्युत उपकरणांतले शिसे वजनाच्या ०.१ टक्क्यावर आणले. भारताच्या ई-कचरा नियमांनी हीच मर्यादा १ मे २०१४ पासून उत्पादकांवर घातली. या बंदीवर मोठा वाद झाला आणि दोन्ही बाजूंना वजन होते. विरोध करणारे अभियंते म्हणत की जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा मोठा वाटा बॅटऱ्यांत जातो, सोल्डरचा वाटा एक टक्काही नाही, मग खटाटोप कशाला? कथील, चांदी आणि तांब्याचे नवे सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या पुढे तापवावे लागते. त्यात वीज जास्त जाते आणि नाजूक भागांना ताण पडतो. शिवाय नुसत्या कथिलावर काळांतराने केसासारखे बारीक तंतू उगवतात आणि शेजारच्या तारेला टेकून शॉर्ट सर्किट करतात. थोडेसे शिसे मिसळले की हे तंतू उगवणे बरेच थांबते. टीव्ही बंद पडला तर दुरुस्त होईल, पण कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र किंवा छातीत बसवलेला पेसमेकर बंद पडून कसा चालेल? डॉक्टर म्हणून मला हा मुद्दा कधीच हलका वाटला नाही. युरोपनेही तो मानला. वैद्यकीय उपकरणांना तिथे २०१४ पर्यंत सूट होती आणि पेसमेकरसारखी शरीरात बसवायची यंत्रे अजूनही त्या बंदीबाहेर आहेत.

बंदीच्या बाजूचा मुद्दा यंत्राच्या मरणानंतरचा आहे. बॅटरी जड असते, तिच्या शिशाला भाव येतो, म्हणून ती निदान परत तरी घेतली जाते. मोबाइलच्या पट्टीवरचे चिमूटभर शिसे कोणी परत घेत नाही. ती पट्टी उकिरड्यावर जाते नाहीतर भंगाराच्या अड्ड्यावर. तिथे तांबे आणि सोने काढायला ती शेगडीवर तापवतात, बऱ्याचदा उघड्या हातांनी, कधी घरातच. टक्केवारी लहान असली तरी ते शिसे नेमके सर्वांत असुरक्षित हातांत पडते. माझ्या मते हा मुद्दा जड आहे आणि बंदी योग्य होती. खिळ्यांच्या बाबतीत आपण आपोआप बदल होईपर्यंत थांबलो. तेवढ्यात किती पिढ्यांची बोटे त्यातून गेली!

तरी एक गाठ उरतेच. नियम उपकरण बनवणाऱ्याला बांधतो, दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही. देगलूरसारख्या, तेलंगण आणि कर्नाटकाच्या हद्दीवरच्या बाजारपेठेच्या गावात मोबाइल, पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणारी दुकाने भरपूर आहेत. ही दुकाने म्हणजे गरिबाची सोय आहे. ती वस्तू वाचवतात आणि कचराही कमी करतात. बाजारात सोल्डरचे रीळ अजूनही ६०-४० चेच सर्रास मिळते, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे. शिसेविरहित रीळ महाग पडते आणि जास्त तापवावे लागते. शाळा सुटलेला किंवा सुट्टीत आलेला एखादा मुलगा काम शिकायला बसतो आणि पहिले काम सहसा जुने सोल्डर काढण्याचे, पट्टी घासून साफ करण्याचे मिळते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी खिळे घासायला बसलेल्या मुलाचे कामही असेच होते.

कायद्याने हे साम्य कधीच ओळखले होते. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात मुलांना मनाई असलेल्या कामांची यादी होती. त्या एकाच यादीत छपाईही होती आणि इलेक्ट्रॉनिक उद्योगातले सोल्डरिंगही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर १४ वर्षांखालील मुलाला कुठल्याच धंद्यात नोकरीला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची मुभा आहे, पण तीही धोक्याच्या कामात नाही.

दुकानात बसणाऱ्यांसाठी आता कामाच्या गोष्टी सांगतो. सोल्डरिंग करताना निघणारा धूर शिशाचा असतो, असा समज आहे. तो खरा नाही. गनचे टोक साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्यावर शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो धूर सोल्डरमधल्या राळेचा असतो. पण तो निरुपद्रवी समजू नका. रोज नाकात गेला तर त्याने दमा जडतो. कामाच्या दिवशी छाती भरते आणि सुटीच्या दिवशी बरे वाटते, असे होत असेल तर डॉक्टरांना सांगा. छोटा पंखा असा ठेवा की धूर तोंडापासून दूर, बाहेरच्या बाजूला जाईल. शिसे मात्र बोटांवरून जाते. सोल्डरची तार दातांत धरू नका. कामाच्या टेबलावर चहा, डबा ठेवू नका. आपल्याकडची खास धोक्याची सवय म्हणजे त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळणे. शिसे थेट तोंडात पोचवण्याची याहून चांगली युक्ती नाही. तंबाखू सोडली तर उत्तमच. निदान खाण्यापिण्याआधी साबणाने, नखे घासून हात धुवा. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. टेबल झाडू नका, फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचा शर्ट घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

दूध आणि गूळ खाल्ला की शिसे बाधत नाही, असे बरेच कामगार मानतात. यात थोडे तथ्य आहे. पोट भरलेले असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. पण दूध पिऊन हात न धुणे, म्हणजे छत्री घेऊन नदीत उतरण्यासारखे आहे. जुन्या बॅटऱ्या घराच्या अंगणात फोडणे, त्यांचे शिसे वितळवणे आणि पट्ट्या जाळणे ही कामे तर सोल्डरिंगपेक्षा कितीतरी धोक्याची. ती कोणीच घरी करू नयेत. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या.

वारंवार पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, फिकेपणा, हातापायात अशक्तपणा अशी तक्रार असेल आणि काम शिशाशी संबंधित असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. भस्म किंवा रसौषधे चालू असतील तर तेही सांगा. या तक्रारींमागे बहुतेक वेळा दुसरी कारणे असतात. पण शिसे असेल तर ते रक्ताच्या खास तपासणीनेच कळते. नमुना सहसा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि संशय आल्याशिवाय कोणी तो पाठवत नाही. निदान झाले की पहिला उपचार म्हणजे शिशाचा संपर्क थांबवणे. रक्तातले प्रमाण फार वाढले असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती रुग्णालयात, देखरेखीखालीच घ्यायची.

जावजी दादाजींनी या धातूतून मराठी माणसाला वाचायला अक्षरे दिली. त्या ऋणाची थोडी फेड आपल्यालाही करता येईल. पुढच्या वेळी मोबाइल दुरुस्तीला द्याल तेव्हा टेबलावर चहाचा कप कुठे ठेवला आहे ते पाहा, आणि घासायला कोण बसले आहे तेही पाहा. लहान मूल असेल तर मालकाशी बोला. मोठा कारागीर असेल तर त्याला साबणाची आठवण करून द्या.